तीनच पोर्ट द्या: लिनक्समध्ये प्रोसेसला हार्डवेअर पोर्टची परवानगी कशी द्यावी

कॉलेजच्या लॅबमध्ये एक ठरलेला प्रयोग असायचा. पीसीच्या पॅरलल पोर्टला आठ एलईडी जोडायचे आणि उजेड एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे पळवायचा. पोर्टवर लिहायचे आकडे १, २, ४, ८, १६, ३२, ६४, १२८, की झालं. डॉसवर चालणारा हा प्रोग्राम मी लिनक्सवर आणला. परवानगीचा घोळ नको म्हणून आयओपीएल ३ (सगळे पोर्ट एकदम खुले करणारी मागणी, तिच्याविषयी पुढे) करून सगळेच पोर्ट मोकळे केले आणि रूट, म्हणजे सर्वाधिकारी यूजर, म्हणून चालवला. दिवा एकही लागला नाही. सहाव्या आकड्याला मात्र अख्खं मशीन गोठलं. माउस हलेना, कीबोर्डवरचा कॅप्स लॉकचा दिवाही बदलेना. शेवटी पॉवरचं बटण दाबून धरावं लागलं. असं तीनदा झालं आणि तिन्ही वेळा सहाव्यालाच.

कारण कळायला संध्याकाळ झाली. डॉसच्या कंपायलरमध्ये आउटपोर्टबी आधी पोर्ट घेतो, मग आकडा. लिनक्सचा आउटबी आधी आकडा घेतो, मग पोर्ट. म्हणजे मी हेक्स ३७८ (हेक्स म्हणजे सोळाच्या पायावरची मोजणी, ३७८ हा पॅरलल पोर्टचा पत्ता) या पोर्टवर १, २, ४ लिहीत नव्हतो. पोर्ट १, पोर्ट २, पोर्ट ४ वर हेक्स ७८ लिहीत होतो, कारण ३७८ एका बाइटमध्ये मावत नाही आणि त्यातला ७८ तेवढा उरतो. १ ते ८ हे डीएमए कंट्रोलरचे, म्हणजे मेमरीत परस्पर डेटा हलवणाऱ्या चिपचे पोर्ट. तिथे कोणी काम करत नव्हतं म्हणून काही दिसलं नाही. ३२ म्हणजे हेक्स २०, म्हणजे थेट इंटरप्ट कंट्रोलर, उपकरणांच्या हाका (इंटरप्ट) प्रोसेसरपर्यंत पोचवणारी चिप. ७८ मधला चौथा बिट त्याला सांगतो, ‘नव्याने सुरुवात कर, पुढच्या सूचना येताहेत.’ त्या सूचना कधीच येत नाहीत, टायमरचे इंटरप्ट थांबतात आणि मशीन बसतं.

हाच प्रोग्राम मी फक्त तीन पोर्टांची परवानगी घेऊन चालवला असता, तर पहिल्याच आकड्याला ‘सेगमेंटेशन फॉल्ट’ (मनाई असलेल्या जागी हात घातल्यावर प्रोग्राम बंद पाडणारी चूक) येऊन पडला असता आणि चूक दोन मिनिटांत सापडली असती. पोर्टची परवानगी नेमकी मागावी, एवढंच या लेखातून सांगायचं आहे. कशी मागायची, ते आता पायरीपायरीने.

एक खुलासा. फंक्शन आणि फाइलींची नावं इथे उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत. टाइप करताना ती रोमन लिपीत, लहान अक्षरांत लिहायची. उदाहरणार्थ, आयओपर्म म्हणजे आय, ओ, पी, ई, आर, एम. मॅन्युअलच्या दुसऱ्या विभागात ते सापडेल.

आधी प्रोसेसर काय करतो ते

इंटेल आणि एएमडीच्या एक्स८६ प्रोसेसरमध्ये मेमरीच्या पत्त्यांशिवाय आणखी एक वेगळी पेठ आहे: ६५,५३६ पोर्टांची. तिथे जायला साधा पॉइंटर चालत नाही. त्यासाठी इन आणि आउट या खास सूचना लागतात. आर्म प्रोसेसरमध्ये ही पेठच नाही, तिथे सगळं हार्डवेअर मेमरीच्या पत्त्यांवर असतं. त्यामुळे हातात रास्पबेरी पाय असेल, तर हा लेख तुमच्यासाठी नाही.

इन किंवा आउट आली की प्रोसेसर दोन ठिकाणी चौकशी करतो. पहिली चौकशी फ्लॅग्ज रजिस्टरमधल्या १२ आणि १३ या दोन बिटांत. या दोन बिटांना आयओपीएल म्हणतात. साधे प्रोग्राम रिंग ३ मध्ये चालतात. आयओपीएलही ३ असेल, तर सगळे पोर्ट खुले. १९८२ सालच्या ८०२८६ मध्ये एवढंच होतं: एक तर सगळं, नाही तर काहीच नाही.

१९८५ च्या ८०३८६ ने दुसरी चौकशी आणली आणि आपल्याला हवी आहे ती हीच. टास्क स्टेट सेगमेंट, म्हणजे टीएसएस नावाच्या रचनेच्या शेवटी एक बिटमॅप ठेवता येतो. दर पोर्टला एक बिट. बिट ० असेल तर जा, १ असेल तर थांब. ६५,५३६ बिट म्हणजे ८,१९२ बाइट. उलटं वाटतं ना, शून्य म्हणजे होकार? सुरुवातीला सगळेच इथे अडखळतात.

एक पोर्ट हाताने शोधून बघा. हेक्स ३७८ म्हणजे दशमानात ८८८. त्याला ८ ने भागा: १११, बाकी शून्य. म्हणजे १११ क्रमांकाच्या बाइटमधला शून्यावा बिट. पॅरलल पोर्टला तीन पत्ते लागतात: ३७८ डेटासाठी, ३७९ स्थितीसाठी, ३७ए नियंत्रणासाठी. तिन्ही त्याच बाइटमध्ये शेजारीशेजारी बसतात. परवानगी देण्याआधी त्या बाइटमध्ये एफएफ असतं, दिल्यावर एफ८. बाकीचे आठ हजार एकशे एक्क्याण्णव बाइट एफएफच राहतात.

आता कर्नलची, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याची, हुशारी. लिनक्समध्ये टीएसएस दर प्रोसेसला नसतो, दर सीपीयूला एकच असतो. मग प्रोसेस बदलली की दरवेळी आठ केबी पुसायचे का? नाही. टीएसएसमध्ये ‘बिटमॅप इथून सुरू होतो’ असं सांगणारा एक आकडा असतो. परवानगी नसलेली प्रोसेस आली की कर्नल तो आकडा टीएसएसच्या हद्दीबाहेर नेऊन ठेवतो. प्रोसेसरला बिटमॅप सापडतच नाही आणि सापडला नाही तर उत्तर ‘नाही’. जुन्या प्रोसेसचा बिटमॅप तिथे तसाच पडून राहिला तरी कोणी बघत नाही. दाराचं कुलूप न बदलता घराचा नंबरच काढून टाकावा, तसं.

मात्र हा आकडा हलवायचा राहिला, तर शेजाऱ्याची परवानगी भलत्याच प्रोसेसला मिळते. असं खरोखर झालं आहे. ५.५ ते ५.७.९ या कर्नलांमध्ये झेन या हायपरवायझरच्या (एका मशीनवर अनेक आभासी मशीन चालवणारं सॉफ्टवेअर) पीव्ही गेस्टवर, म्हणजे त्यातल्या एका प्रकारच्या आभासी मशीनवर, टीएसएस आणि झेन यांचे बिटमॅप एकमेकांशी जुळेनासे झाले आणि संबंध नसलेल्या प्रोसेसला दुसऱ्याचे पोर्ट मिळू शकत होते. सुरक्षेतल्या त्रुटींच्या सार्वजनिक यादीत सीव्हीई-२०२०-१५८५२ म्हणून त्याची नोंद आहे.

पायरी १: सरावासाठी खोटं मशीन

खऱ्या पीसीवर सुरुवात करू नका. वर सांगितलेली संध्याकाळ मला परत नको आणि तुम्हालाही नको. क्यूईएमयू या आभासी मशीन चालवणाऱ्या प्रोग्राममध्ये कुठलंही छोटं लिनक्स उभं करा. सुरू करताना डिबगकॉन हा पर्याय द्या आणि त्याला एक फाइल जोडा. त्यामुळे गेस्टमध्ये, म्हणजे त्या आभासी मशीनमध्ये, हेक्स ई९ हा पोर्ट तयार होतो. गेस्टमधून त्यावर लिहिलेला प्रत्येक बाइट बाहेरच्या मशीनवरच्या त्या फाइलमध्ये अक्षर म्हणून उमटतो. तोच पोर्ट वाचला तर ई९ हाच आकडा परत येतो. काही बिघडत नाही आणि काम झालं की नाही ते लगेच दिसतं. नवशिक्याला याहून सोयीचं उपकरण मला माहीत नाही.

गेस्टमध्ये सी कंपायलर हवा. हेडर फाइल एकच: सिस फोल्डरमधली आयओ डॉट एच.

पायरी २: परवानगीशिवाय दार ठोठावा

चार ओळींचा प्रोग्राम लिहा. त्यात एकच काम: आउटबी, आधी आकडा ६५, मग पोर्ट हेक्स ई९. ६५ म्हणजे इंग्रजी मोठा ए. साध्या यूजरने चालवा. सेगमेंटेशन फॉल्ट येईल.

आता सुडो लावून रूट म्हणून चालवा. तरीही सेगमेंटेशन फॉल्ट! इथे बरेच जण गोंधळतात. रूट असणं ही कर्नलकडे मागण्याची पात्रता आहे, प्रोसेसरला रूट कोण ते ठाऊक नाही. त्याने बिटमॅप बघितला, तो सापडला नाही, त्याने जनरल प्रोटेक्शन फॉल्ट दिला आणि कर्नलने तो सिगसेग्व्ही, म्हणजे सेगमेंटेशन फॉल्टचा सिग्नल, म्हणून तुमच्या प्रोग्रामला पोचवला. डीमेसेज, म्हणजे कर्नलच्या संदेशांची यादी, उघडून शेवटची ओळ वाचा. तिथे प्रोग्रामचं नाव आणि ‘जनरल प्रोटेक्शन फॉल्ट’ हे शब्द दिसतील. पॉइंटर चुकल्यावर येणारा सेगमेंटेशन फॉल्ट आणि पोर्ट नाकारल्याचा फॉल्ट टर्मिनलवर सारखेच दिसतात, फरक या ओळीत कळतो.

पायरी ३: आयओपर्मने मागा

आउटबीच्या आधी आयओपर्म घाला. त्याला तीन गोष्टी लागतात: कुठल्या पोर्टपासून, किती पोर्ट, आणि द्यायचे असतील तर १, काढायचे असतील तर ०. आपल्यासाठी हेक्स ई९, १, १. परत आलेला आकडा शून्य नसेल, तर पेररने चूक छापा आणि तिथेच थांबा. हा तपास टाळू नका.

साध्या यूजरने चालवलं तर ‘ऑपरेशन नॉट परमिटेड’ येईल, कारण परवानगी द्यायला कॅप-सिस-रॉआयओ ही क्षमता लागते. सुडोने चालवा आणि बाहेरच्या फाइलमध्ये बघा: ए उमटलेला असेल. ‘इनव्हॅलिड आर्ग्युमेंट’ आलं तर पोर्टांची संख्या शून्य दिली आहे किंवा शेवटचा पोर्ट ६५,५३५ च्या पुढे गेला आहे. फार जुन्या लेखांत ‘आयओपर्म फक्त ३एफएफ पर्यंत चालतो’ असं वाचाल. ती मर्यादा २.६.८ कर्नलला गेली.

पायरी ४: कुंपण तपासा

ही पायरी लोक गाळतात, पण खरं समजतं ते इथेच. त्याच प्रोग्राममध्ये ई९ नंतर ईए वर लिहून बघा. पहिला बाइट फाइलमध्ये जाईल आणि दुसऱ्याला प्रोग्राम पडेल. अपेक्षेप्रमाणे.

आता ईए काढा आणि आउटबीऐवजी आउटडब्ल्यू वापरून ई९ वरच लिहा. पोर्ट तोच, परवानगी असलेला. तरी प्रोग्राम पडेल. आउटडब्ल्यू सोळा बिटांचा असतो, म्हणजे तो ई९ आणि ईए या दोन्हींना हात लावतो आणि प्रोसेसर दोन्हींचे बिट शून्य आहेत का ते बघतो. बत्तीस बिटांच्या आउटएलला सलग चार बिट शून्य लागतात. प्रत्यक्ष उपकरणावर ‘परवानगी दिली आहे तरी पडतं’ अशी तक्रार आली की मी आधी हेच तपासतो.

पायरी ५: परवानगी घ्या आणि रूट सोडा

परवानगी मिळाल्यावर रूट राहण्याचं काहीच कारण नाही. बिटमॅप एकदा बसला की यूजर बदलला तरी तो टिकतो. म्हणून क्रम असा ठेवा: आधी आयओपर्म, मग सेटग्रुप्सने जादाचे ग्रुप काढा, मग सेटजीआयडी, शेवटी सेटयूआयडी. सेटयूआयडी आधी केलंत तर ग्रुप बदलण्याचा अधिकार गेलेला असतो आणि प्रोग्राम रूटच्या ग्रुपमध्ये अडकून बसतो.

एक्झेकनंतरही, म्हणजे प्रोसेसने स्वतःच्या जागी दुसरा प्रोग्राम चालवल्यावरही, परवानगी राहते. याचा छान उपयोग होतो. तीस-चाळीस ओळींचा एक लहान लाँचर रूट म्हणून चालवायचा. तो तीन पोर्ट मागतो, साधा यूजर होतो आणि मग मुख्य प्रोग्राम एक्झेक करतो. मुख्य प्रोग्राम भलामोठा असो, पायथनमध्ये असो, त्याला रूट कधीच मिळत नाही. फोर्कने, म्हणजे प्रोसेसची प्रत काढून, झालेल्या मुलालाही परवानगी वारशाने मिळते. त्यामुळे मुख्य प्रोग्राम शेल कमांडा चालवत असेल, तर त्या शेलकडेही हे पोर्ट जातात, एवढं ध्यानात असू द्या.

थ्रेडचं, म्हणजे एकाच प्रोसेसमध्ये समांतर चालणाऱ्या कामांचं, वेगळं. परवानगी थ्रेडला मिळते, अख्ख्या प्रोसेसला नाही. थ्रेड तयार करण्याआधी मागितली तर सगळ्यांना मिळते. नंतर मागितली तर मागणाऱ्यालाच.

काम संपलं की तोच आयओपर्म शेवटच्या जागी ० देऊन बोलवा. परत करायला कुठलीही क्षमता लागत नाही, साधा यूजरही परत करू शकतो.

आयओपीएल का नको

इंटरनेटवरच्या जुन्या उदाहरणांत आयओपीएल ३ ही एक ओळ सर्रास दिसते. एकेकाळी ग्राफिक्स कार्डाशी बोलायला एक्स सर्व्हर हेच करायचा. पूर्वी या एका ओळीने पोर्ट तर मिळायचेच, वर इंटरप्ट बंद करण्याचा अधिकारही मिळायचा. साध्या प्रोग्रामने इंटरप्ट बंद केले आणि तो लूपमध्ये अडकला, तर तो कोअर गेलाच.

२०२० च्या जानेवारीत आलेल्या ५.५ कर्नलमध्ये थॉमस ग्लाइक्सनर यांनी हे बदललं. आता आयओपीएल ३ मागितलं तरी फ्लॅग्जमधले ते दोन बिट बदलत नाहीत. टीएसएसमध्ये सगळे शून्य असलेला दुसरा एक बिटमॅप आहे, कर्नल त्याच्याकडे बोट दाखवतो. इंटरप्ट आता बंद करता येत नाहीत, पण ६५,५३६ पोर्ट मात्र मिळतातच. माझं लॅबमधलं मशीन आजच्या कर्नलवर असतं तरी आउटबीने पोर्ट हेक्स २० वर हेक्स ७८ लिहिलंच असतं.

कोणते पोर्ट देऊच नयेत

‘थोडेच पोर्ट दिले’ म्हणजे सुरक्षित असं मात्र नाही. कुठले दिले ते बघा. हेक्स ६४ हा कीबोर्ड कंट्रोलरचा एकच पोर्ट, पण त्यावर एफई लिहिलं की पीसी तिथल्या तिथे रीसेट होतो. सीएफ८ आणि सीएफसी हे पीसीआयच्या मांडणीचे पोर्ट. ते ज्याच्या हातात, तो कार्डांचे पत्ते बदलू शकतो, म्हणजे जवळपास कर्नलच त्याच्या हातात.

हेक्स ७० आणि ७१ हे घड्याळ आणि सीमॉसचे (मशीनच्या सेटिंग्ज जपणारी छोटी मेमरी). त्यांचा धोका वेगळा आहे. ७० वर जागेचा क्रमांक लिहायचा आणि ७१ वर ती जागा वाचायची किंवा लिहायची. तुम्ही ७० वर क्रमांक लिहिलात आणि त्याच क्षणी कर्नलने तुम्हाला बाजूला केलं. मध्येच कर्नलच्या ड्रायव्हरने ७० वर दुसरा क्रमांक लिहिला. तुम्ही परत आलात आणि ७१ वर लिहिलंत, भलत्याच जागी. ड्रायव्हर आपापसात कर्नलचं लॉक वापरतात, तुमच्या प्रोग्रामला ते लॉक दिसतही नाही. बिटमॅप ‘कोण’ एवढंच ठरवतो, ‘केव्हा’ ठरवत नाही.

म्हणून मागण्याआधी सुडोने प्रॉक फोल्डरमधली आयओपोर्ट्स ही फाइल वाचा. सुडोशिवाय वाचलीत तर सगळे पत्ते शून्य दिसतील, घाबरू नका. कुठला पोर्ट कुठल्या ड्रायव्हरने राखला आहे ते तिथे कळतं. मात्र ही नुसती नोंदवही आहे. ड्रायव्हरने राखलेला पोर्टही आयओपर्म तुम्हाला बिनबोभाट देतो, तो या वहीत डोकावतसुद्धा नाही. डोकावायचं काम तुमचं.

सगळं बरोबर, तरी ‘नॉट परमिटेड’

रूट आहात, कोड ठीक आहे, तरी आयओपर्म नकार देतो. बहुतेक वेळा कारण सिक्युअर बूट असतं. त्याच्यामुळे कर्नलचं लॉकडाउन (रूटलाही कर्नलमध्ये ढवळाढवळ करू न देणारी सक्ती) चालू झालं असेल, तर आयओपर्म, आयओपीएल आणि डेव्ह-पोर्ट ही फाइल, तिन्ही रूटलाही बंद होतात. सिस, कर्नल, सिक्युरिटी या वाटेवरची लॉकडाउन फाइल वाचा. चौकटी कंसात ‘नन’ असेल तर कारण दुसरं, ‘इंटिग्रिटी’ किंवा ‘कॉन्फिडेन्शिॲलिटी’ असेल तर हेच.

कंटेनरमध्ये असाल तर डॉकर कॅप-सिस-रॉआयओ ही क्षमता मुळातच काढून घेतो. सिस्टमडी सर्व्हिसमध्ये प्रायव्हेट-डिव्हायसेस चालू असेल तर तिथेही हीच क्षमता जाते. दोन्ही ठिकाणी नियम सैल करण्याआधी स्वतःला विचारा की हे काम कंटेनरच्या बाहेर, वरच्या लाँचरने होणार नाही का. प्रोग्रामच्या फाइललाच सेटकॅपने कॅप-सिस-रॉआयओ चिकटवायचा मोह होतो. तो मी टाळतो, कारण ही क्षमता तीन पोर्टांची नाही. तिच्या जोरावर तो प्रोग्राम उद्या चौथा पोर्टही मागू शकतो.

आणि खरं तर पोर्ट हवाच का?

सिरियल पोर्टसाठी डेव्ह फोल्डरमध्ये टीटीवायएस० आहे, घड्याळासाठी आरटीसी० आहे. ही कामं पोर्टवरून करण्यात काहीच शहाणपण नाही. पॅरलल पोर्टसाठी पीपीडेव्ह हा ड्रायव्हर आहे. तो लोड केला की पारपोर्ट० ही फाइल दिसते, बहुतेक डिस्ट्रोंमध्ये एलपी ग्रुपच्या मालकीची. स्वतःला त्या ग्रुपमध्ये घाला आणि लॉगआउट करून परत या. फाइल उघडा, आयओकंट्रोलने पीपीक्लेम करा, पीपीडब्ल्यूडेटाने बाइट पाठवा, शेवटी पीपीरिलीज. रूट नको, आयओपर्म नको. लॉकडाउन चालू असलं तरी चालतं. कोणता आकडा आधी आणि कोणता नंतर हा प्रश्नच उरत नाही, कारण पाठवायचा फक्त आकडा असतो. पळता उजेड मी शेवटी असाच लावला: आठ दिवे, अर्ध्या अर्ध्या सेकंदाने, आणि सहावाही लागला.